डावीकडचा आवाज

२६ एप्रिल २०२५, शनिवार
प्रकाशा

आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, आज माहेरी आले. मुराळी म्हणून नेहमीप्रमाणे आबा स्वतःच खांडबाऱ्याला आले, आणि तेही पिकअप घेऊन. लेकीला आणायला भाऊ जातो किंवा बाप; मला भाऊ नाही, त्यामुळे हे काम आबांनी आजवर कुणाला सोपवलेले नाही. या वेळी माय त्यांच्यासोबत होती, याचे मात्र आश्चर्य वाटले. मायला गाडी लागते. पूर्वी ती शहाद्याला जायचे म्हटले तरी कपाळाला हात लावत असे. हल्ली म्हणे टरबुजाच्या प्रत्येक फेरीला ती आबांच्या शेजारी बसून नंदुरबारच्या बाजारापर्यंत जाते. उतारवयात नवराबायकोला एकमेकांची सोबत अधिक हवीशी वाटते, ते खरे असावे. पाहून बरे वाटले.

परंतु ही नोंद त्यासाठी नाही. खांडबाऱ्याच्या स्टेशनाजवळ पहिल्याच गतिरोधकावर गाडी चढली आणि मागून असा आवाज आला की रिक्षावाल्यांनी माना वळवल्या. फळ्यावर खडू चुकीच्या कोनात ओढला की वर्ग जसा कळवळतो, तसा.

"आबा, हाऊ आवाज कधयपासून शे?" मी विचारले. आबा समोर पाहत राहिले. मायने त्यांच्या दंडाला हात लावला आणि तोंड त्यांच्याकडे वळवून म्हणाली, "पोरगी इचारी ऱ्हायनी, गाडीना आवाज कधयपासून शे?"

"आवाज बिवाज काही नही," आबा म्हणाले. "गाडी घोडासारखी पळस."

प्रकाशा येईपर्यंत घोडा किंचाळत होता.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिक व्यवसाय शिकवते. दोषनिदान करताना रोजनिशी ठेवा, असे विद्यार्थ्यांना दरवर्षी बजावते. स्वतः मात्र कधी ठेवली नाही. आठवडाभर सुट्टी आहे, समोर एक सुंदर दोष आहे. उद्यापासून आरंभ.

२७ एप्रिल, रविवार

आधी तत्त्व. शॉकअप धक्के शोषतो, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. धक्का घेतात ते चाकांवरचे पोलादी पाटे. पण पाट्यांचा स्वभाव असा, की एकदा दबले की वरखाली नाचतच राहतात. त्यांना 'झाले, आता पुरे' असे सांगणारा जो असतो तो शॉकअप. तेलाने भरलेली नळी, आत दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोके. भोकांतून तेल सावकाश सरकते, म्हणून नाचही सावकाश थांबतो. इतकी साधी आणि इतकी शहाणी वस्तू यंत्रशास्त्रात क्वचितच सापडते. (हे मी मायलाही सांगितले. ती पुरण वाटत होती. "म्हणजे सासूसारखा," ती म्हणाली. विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी उपमा आहे.)

पहिली परीक्षा: गाडीच्या प्रत्येक कोपऱ्यावर सगळा भार टाकून दाबायचे आणि एकदम सोडायचे. कोपरा वर येऊन लगेच स्थिरावला, तर आतले तेल शाबूत. चारही कोपरे उत्तीर्ण. याचा अर्थ शॉकअप निकामी झालेले नाहीत. कुरकुर सांध्यांतली आहे. सांध्यांत संशयित तीन: पाटे एकमेकांवर घासतात ती जागा, पाट्याला चौकटीशी जोडणारा शॅकल, आणि शॉकअपच्या दोन्ही टोकांना असलेले रबरी बुश.

आता बाजू ठरवायची. येथे माझ्याजवळ एक असे उपकरण आहे, जे कोणत्याही कार्यशाळेत मिळणार नाही: आबांचे कान. मी लहान असताना आसपासच्या गावांतले लोक ट्रॅक्टर आमच्या अंगणात आणून नुसता चालू करीत. आबा बाजेवरून न उठता सांगत, दोष कुठे आहे. एकदा त्यांनी लांब पान्याचे एक टोक धडधडत्या एंजिनावर टेकवून दुसरे माझ्या कानाला लावले आणि म्हणाले, "आयक. हाई बेअरिंग रडी ऱ्हायनं." मी या व्यवसायात आले ती त्या पान्यातून.

म्हणून आज त्यांना गाडीपाशी नेले आणि गाडी हलवून विचारले. त्यांनी हौद्याच्या फळीवर तळवा ठेवला, थोडा वेळ ठेवूनच उभे राहिले. मग ठामपणे म्हणाले, "उजवी बाजू."

काल आवाजच नाही म्हणणारे आबा आज बाजू सांगतात, याचे मला हसू आले. पण डावी बाजू मी यादीतून वगळली आहे.

२८ एप्रिल, सोमवार

उजवे मागचे चाक काढले. पाट्यांवर जळक्या ऑईलचा जाड थर. आपल्याकडे कुरकुर झाली की एंजिनातून काढलेले जुने ऑईल पाट्यांवर ओतायची पद्धत आहे. पाटे चार दिवस गप्प बसतात, हे खरे. पण ते ऑईल ओघळून रबरी बुशांवर जाते आणि रबर फुगून सडते. म्हणजे एकाला गप्प करण्यासाठी दुसऱ्याचा घसा बसवायचा. आबा हे जाणतात. त्यांनीच मला शिकवले होते. मग ओतले कुणी?

"त्यास्नीच," माय म्हणाली. "मीच सांगं व्हतं, काहीतरी टाका म्हनीसन. लोके हासतंस आवाजले."

"पन आबा तं म्हनतंस आवाजच नही."

माय चुलीत लाकूड सारण्यात गुंतली.

पाटे धुतले, मध्ये ग्रीस भरले, शॅकलच्या निपलमधून नवे ग्रीस दाबले. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर चाचणी, हा माझा नियम. चाचणीसाठी मी हौद्यात उजव्या चाकाच्या वर पालथी पडले, आबांनी गाडी नदीच्या रस्त्याने नेली, माय त्यांच्याजवळ. आवाज तसाच. मधेच एका खड्ड्यात माझी हनुवटी फळीवर आपटली, तेव्हा मी ओरडले, "थांबा!" गाडी चालतच राहिली. पुन्हा ओरडले, केबिनच्या मागच्या पत्र्यावर मूठ आपटली. काचेतून दिसले, मायने मागे पाहिले, आबांच्या दंडाला हात लावला, आणि गाडी थांबली.

केबिनमध्ये एंजिनाचा गोंगाट किती असतो, याची मोजणी एकदा करायला हवी. हनुवटीला हळद.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

काल आणि आज अवजारांना सुट्टी. सकाळी पितरांसाठी घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवले. खापरावरचे मांडे, आमरस. दुपारी मागच्या निंबाला झोका बांधला आणि गल्लीतल्या सगळ्या माहेरवाशिणी जमल्या. आबा खाली बाजेवर.

झोक्याची कडी कुरकुरत होती आणि योगायोगाने तिची पट्टी थेट पिकअपची. मी ते मोठ्याने सांगताच शेजारची रूपलीबाई झोक्यावरून ओरडली, "चारू वं! तुन्ही गाडी झाडवर चढनी!" सगळ्याजणी हसून लोळल्या. आबांनी आमच्या तोंडांकडे पाहिले आणि तेही हसले. बाकीच्यांचे हसणे ओसरत असताना त्यांचे सुरू झाले. दुपारच्या जेवणाने मंदावले असावेत.

कडीला थेंबभर तेल लावले. झोका गप्प. इतके सोपे निदान आयुष्यात फार थोड्या वेळा वाट्याला येते.

१ मे, गुरुवार

आज माझीच पद्धत मी मोडली असल्याचे ध्यानात आले. तीन संशयितांची छाननी मी फक्त एका बाजूची केली होती. डावी बाजू पुराव्यावरून नव्हे, शब्दावरून वगळली होती.

म्हणून पाण्याची परीक्षा. अतिशय देखणी परीक्षा आहे. पिचकारीने एका वेळी एकाच सांध्यावर पाणी मारायचे आणि गाडी हलवायची. रबर ओले झाले की क्षणभर घसरते आणि कुरकुर थांबते. जिथे थांबली, तो गुन्हेगार. उजवीकडे सर्वत्र पाणी मारले: आवाज कायम. डावीकडे पाट्यांवर: कायम. शॅकलवर: कायम. शॉकअपच्या खालच्या टोकाला: कायम. वरच्या टोकाला मारले आणि एकदम शांत. मी टाळी वाजवली. पाणी निथळले आणि पुन्हा किंकाळी. मागचा डावा शॉकअप, वरचा बुश. पुन्हा पाणी, पुन्हा शांतता. चार वेळा केले. शेवटच्या दोन वेळा केवळ आनंदासाठी.

आबांची बाजू चुकली. हे लिहिताना पेन थोडे थांबले. ते याआधी कधी चुकल्याचे मला आठवत नाही.

दुपारी बुश आणायला शहाद्याला मुजाहिदच्या दुकानात गेले. मुजाहिद माझ्या पहिल्या तुकडीतला विद्यार्थी. आता स्वतःचे गॅरेज आहे. बुश हातात देताना आबांविषयी म्हणाला, "मॅडम, लोटन आप्पा येतंस ना, तं मन्हा घसा बसी जास. आख्खी गल्लीले वाटस, मी आप्पासंगे झगडी ऱ्हायनू."

"गॅरेजमध्ये ग्राइंडर बंद करून बोलत जा," मी म्हटले. "किती वेळा शिकवले आहे."

तो काही बोलणार होता. मग म्हणाला, "हो मॅडम."

३ मे, शनिवार

जुना बुश काढला. फुगलेला, एका बाजूला चिरलेला, आतून काचेसारखा चकचकीत. चीर पिळाची होती, म्हणजे चूक बसवतानाच झालेली. हे प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे: बुशाचा नट शेवटचा आवळायचा तो चाक जमिनीवर टेकवून, गाडीचा भार पडल्यावरच. गाडी जॅकवर असताना आवळला, तर रबर लटकत्या स्थितीत जखडले जाते आणि गाडी खाली येताच कायमचे पिळलेले राहते. तशात वरून जळके ऑईल. बिचारे ओरडणार नाही तर काय!

नवा बसवण्यापूर्वी एक कल्पना सुचली. दुरुस्ती झाली असे ऐकले की माणसाला सुधारणा भासू लागते. विद्यार्थ्यांपुढे या भासाचे उदाहरण ठेवता येईल, म्हणून जुनाच बुश परत घातला आणि आबांना सांगितले की नवा बसवला. चक्कर मारली. मंदिराच्या वळणावर गाडी इतकी किंचाळली की दर्शनाला आलेल्या एका बाईने कानांवर हात ठेवले.

"कसी शे आते?" मी त्यांच्या समोर झुकून विचारले.

"एकदम बंद!" आबा म्हणाले. चेहरा उजळला होता. "तुन्हा हातले यश शे, पोरी. लोनीसारखी चाली ऱ्हायनी."

माय खिडकीतून बाहेर पाहत होती.

निष्कर्ष: लेकीचे मन राखण्यासाठी आबा धडधडीत खोटे बोलतात. प्रयोग फसला, कारण निरीक्षक पक्षपाती निघाला. संध्याकाळी नवा बुश घातला, चाक टेकवून आवळला. पिकअप आता पूर्ण शांत आहे. जुना बुश डॅशबोर्डच्या खणात टाकला आहे, वर्गात दाखवायला.

काम संपले, तरी समाधान होत नाही. का, ते कळत नाही.

५ मे, सोमवार
खांडबारा

आज परत आले. क्रमाने लिहिते.

निघताना केबिनमध्ये माझ्या पिशव्या, सांजोऱ्यांचा डबा आणि दोन टरबुजे झाल्यावर मायला जागा उरली नाही. "तू ऱ्हाय घर," मी म्हटले, "मी शे ना आबासंगे." माय दार धरून उभीच. आबा मागे दोर आवळत होते. तेव्हा ती खिडकीतून आत झुकली आणि घाईने म्हणाली:

"मांगून हॉर्न वाजना तं त्यास्ना दंडले एक डाव हात लाव. समोर कोनी आडवं येत व्हई तं दोन डाव. आनी त्यास्ले सांगू नको, मी सांगं म्हनीसन."

शिकवणारीची समज इतकी संथ असू शकते, हे नोंदवून ठेवते. ग्राइंडर, पत्र्यावरची मूठ, बाजेवरचे उशिराचे हसू, परवाची चाचणी: सारे पुरावे माझ्याच अक्षरात या पानांवर होते.

"कधयपासून?" मी विचारले.

"दोन दिवाया झाया." मायने पदराने दार पुसल्यासारखे केले. "त्यास्नी हातनी गाडी गई तं काय ऱ्हाई त्यास्नाजोडे?"

आबा आत बसले. गाडी निघाली. नव्या बुशाची गाडी. एक शब्द करीत नव्हती. तापीच्या पुलावर मागून ट्रकने हॉर्न दिला, मग पुन्हा, लांबलचक. आबांची नजर समोर, हात स्थिर, गाडी रस्त्याच्या मधोमध. मी त्यांच्या डाव्या दंडाला एकदा हात लावला. त्यांनी आरशात न पाहता गाडी डावीकडे घेतली. ट्रक खेटून निघून गेला. मायने हे दोन वर्षे केले आहे, गाडी लागत असताना.

पूल संपल्यावर मी हाताने खूण करून गाडी बाजूला घ्यायला लावली. त्यांच्यासमोर तोंड आणून म्हणाले, "आबा, किल्ली द्या."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले.

"तुन्ही मायनी सांगं?"

"नही. बुशनी सांगं." खणातून जुना बुश काढून त्यांच्या तळव्यावर ठेवला. "परवा हाऊच व्हता गाडीत. नवा नही."

त्यांनी बुश फिरवून पाहिला. चिरेवर अंगठा फिरवला. "जॅकवरच आवळं मी," ते म्हणाले. "भूली गऊ." आणि मग, रस्त्याकडे पाहत: "बहिराना गाडीत माल कोन भरी, पोरी? आनी लोटनना कान गया, आसं गावले समजनं तं..." मग त्यांनी किल्ली काढून दिली.

आम्ही जागा बदलल्या. थोडे अंतर गेल्यावर त्यांनी तळवा दारावर टेकवला आणि म्हणाले, "तिसरा गियर उशिरा टाकस तू. पयलेपासूनच."

त्यांचे बरोबर होते.

वाटेत नंदुरबारला कानाच्या डॉक्टरांकडे थांबलो. आबा बंद काचेच्या खोलीत बसले, मोठे हेडफोन लावून. ऐकू आले की बटण दाबायचे. बाहेरून मला आवाज ऐकू येत नव्हते, फक्त त्यांचा अंगठा दिसत होता. तो पुष्कळ वेळ हलला नाही.

तक्ता मात्र विलक्षण वाचनीय होता. जाड आवाजांकडे रेषा बरीच वर. बारीक, तीव्र आवाजांकडे जाताना घाट उतरावा तशी खाली कोसळलेली. म्हणजे एंजिनाची धडधड आबांना पुरेशी ऐकू येते, आणि बाकी सगळे तिच्याखाली बुडते. रबराची किंकाळी ज्या पट्टीत असते, तिथे तर त्यांच्या कानांत काहीच उरलेले नाही. त्यांनी 'आवाज नाही' म्हटले ते त्यांच्यापुरते सत्य होते. खोटे फक्त 'उजवी बाजू' हे होते. कानाचे यंत्र मिळेल, उपयोग होईल, पण किती ते लावल्यावर कळेल, असे डॉक्टर म्हणाले.

मोजण्याआधी उपकरण तपासून घ्यावे, हा पहिला धडा मी दरवर्षी जूनमध्ये शिकवते.

आबांनी जावयाच्या घरचे पाणी रिवाजाप्रमाणे घेतले नाही. बसने परत गेले. पिकअप आमच्या दारात आहे आणि किल्ली माझ्या खुंटीला. जाताना त्यांनी गाडीकडे वळून पाहिले नाही.

११ मे, रविवार

आबांना फोन केला. मायने घेतला. "बोलत नही," ती म्हणाली. "बाजवर बठेल शेत. कोनी ट्रॅक्टर लई उना तं आंगनमाईन घरमा चालना जातंस."

मी किल्ली घेतली ते योग्य होते. याबद्दल संशय नाही. तरीही आज दोनदा खुंटीवरून काढून पुन्हा अडकवली.

२४ मे, शनिवार
प्रकाशा

या खेपेला मुराळी मी होते. पिकअप घेऊन सकाळी प्रकाशाला आले, आबांना आणि मायला बसवून नंदुरबारला नेले, यंत्र लावून घेतले आणि दुपारी परत आणले. वाटेत आबा सतत दचकत होते. घरी आल्यावर मायने ताटे मांडली, तर म्हणाले, "भांडा इतला वाजतंस?"

"लगीन व्हयनं तधयपासून वाजतंस," माय म्हणाली. "तुम्हीन आते आयकं."

जेवणानंतर ते अंगणात गेले आणि गाडीभोवती एक फेरी मारून माझ्यासमोर उभे राहिले. "जुना बुश शे का अजून?"

"शे."

"टाक."

चांगली गाडी बिघडवण्याचे काम मी प्रथमच केले. जॅक लावला, नवा काढला, चिरलेला घातला. आबांनी पाने हातात दिले, मागण्याआधीच, योग्य क्रमांकाचे. मग मी चालवायला बसले, ते शेजारी. माय म्हणाली, "मी बी येस," आणि जागा नसताना आमच्या मध्ये येऊन बसली. डावा हात सवयीने त्यांच्या बाजूला गेला, मग तिने तो मांडीवर घेतला.

मंदिराच्या वळणावरच्या गतिरोधकावर मी गाडी सावकाश चढवली. ती किंचाळली. आबांचे डोळे मिटले. मी दुसऱ्यांदा नेली, तिसऱ्यांदा नेली. रस्त्याकडेचा नारळवाला शिव्या देऊ लागला. आबांनी बोट वर करून मला थांबवले. एंजिन बंद करायला लावले, खाली उतरले, मागच्या कोपऱ्यावर भार टाकून गाडी हलवली आणि, बसवताना जागा पाहिलेली असूनही, मान तिरकी करून ऐकत राहिले. तळवा हौद्यावर ठेवला नाही.

"उजवी नही," ते म्हणाले. "डावी. मांगली. वरला बुश." आणि थोड्या रागानेच: "इतला वंगाय आवाज व्हता, तं तुम्हीन कोनी सांगं काबर नही?"

नोंद: निदान अचूक.